तांब्याभर जास्तीचं पाणी

पुणतांबा फाट्यावर त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की कावळे एका पंखानं उडत होते आणि दुसऱ्या पंखानं वारा घेत होते. दसरा उलटून गेलेला, पण ऑक्टोबरला कुणी सांगायचं? फाट्यावरचा चहावाला तर शपथेवर सांगतो की त्यानं त्या दिवशी स्टोव्ह पेटवलाच नव्हता, नुसतं पातेलं बाहेर ठेवलं होतं.

अशा उन्हात एसटीतून प्रणिता उतरली. खांद्याला पर्स, हातात लोखंडी साच्यांनी भरलेली गोणी आणि काखेत पत्र्याचा एक शंकू, वर अरुंद, खाली रुंद, दोन्हीकडून उघडा. गोणी इतकी जड होती की कंडक्टरनं तिचंही अर्धं तिकीट फाडलं होतं.

सिमेंटच्या गोण्या घेऊन चाललेला एक टेम्पो करकचून थांबला.

"कुठं सोडू?"

चालवणारा पंचविशीतला. पापण्यांवर सिमेंटची भुकटी बसलेली, त्यामुळे गडी डोळे मिचकावतोय की नुसतीच उघडझाप करतोय, हे कळायला मार्ग नव्हता.

"घाटाशेजारी सभागृहाचं काम चालू आहे ना, तिथं."

"आवं, माझंच काम हाय ते! बसा बसा." त्यानं गोणी उचलली, आणि त्याची मान एकदम एका बाजूला झुकली. "काय हाय ह्यात? गाव उचलून आनलं का?" मग त्याची नजर शंकूवर गेली. "आन ह्यो कर्णा कशाला? उद्घाटनाला अजून लई येळ हाय, म्याडम. आज तर काँक्रीट सुरू करायचंय."

प्रणितानं शंकू मांडीवर घेतला. हसू मात्र ओठांच्या कोपऱ्यात... दाबून ठेवलं.

मग काय, टेम्पो आणि तो चालवणारा अजिनाथ, दोघंही सुटले. पाथर्डीकडचा तो. आई-बाप दर साली टोळीबरोबर ऊस तोडायला कोपरगावकडं यायचे. तोही लहानपणापासून त्यांच्या मागं मोळ्या वाहायचा. मग मिक्सरवर मजुरी धरली, कामं शिकला, आणि हे सभागृह म्हणजे त्यानं स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलं काम.

"हे नीट झालं की कोयता सुटला माझा. बिघडलं तर भिमाजी मुकादम हायेच. दिवाळी झाली की टोळीचा ट्रक निघतो, त्यानं माझी जागा अजून धरून ठेवलीय. म्हनतो, येशीलच तू." त्यानं गिअर बदलला. मग लगेच, "पन माझं काँक्रीट बघाल तर खूश व्हाल! आसं पातळ, आसं मऊ... वतलं की सोताच्या पायानं कोपऱ्यात जाऊन बसतं."

"अस्सं?" प्रणिता म्हणाली. "मग उद्या भिंतीपण स्वतःच्या पायानं निघून जातात का?"

अजिनाथ दिलखुलास हसला. बिचाऱ्याला काय ठाऊक!

साइटवर पोचल्यावर मुलीनं पर्स झाडाला अडकवली, ओढणी कमरेला खोचली, लोखंडी पत्रा जमिनीवर ठेवला, त्यावर तो कर्णा उभा केला आणि म्हणाली, "मिक्सरमधला माल आणा. मी लॅबमधून आलेय, भिंगारहून. नेहमीचे साहेब आजारी आहेत."

अजिनाथच्या हातातलं घमेलं हातातच राहिलं.

"म्हंजी... तुमीच? मग टेम्पोत बोलला का न्हाई?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

शंकूत माल भरला. तिनं सळईनं तो ठासला, वरून सारखा केला आणि शंकू अलगद, सरळ वर उचलला. आतलं काँक्रीट शंकूच्या आकारात उभं राहायला हवं, थोडंसंच बसायला हवं. हे काँक्रीट उभं राहण्याच्या फंदातच पडलं नाही. पत्र्यावर थापटलेल्या भाकरीसारखं पसरलं.

"ही कढी आहे," प्रणिता म्हणाली.

"आवं, आमचं काँक्रीट लाजरं हाय," अजिनाथ खाली वाकून म्हणाला. "तुमी आसं टक लावून बघितलं... की बसतंच ते खाली."

मिक्सरवरचा छगन फिस्सकन हसला. प्रणिताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, उन्हानं असतील.

"हे बघा," ती मुद्दाम कडक आवाजात म्हणाली. "सिमेंटला धरायला लागतं ते पाणी थोडंच. वरचं पाणी नुसतं जागा अडवून बसतं. आणि उडून जातं तेव्हा मागं काय ठेवतं? भोकं. बारीक बारीक. वरून दगड दिसतो, आतून जाळी असते."

"पन घट्ट माल सरकवताना पोरांच्या हाताला फोड येत्यात, त्याचं काय?"

"व्हायब्रेटर लावा. हाताच्या फोडाला पाणी हे औषध नाही."

अजिनाथनं तिच्याकडं पाहिलं. चिडावं की... काय करावं? त्यानं चिडायचं ठरवलं, पण जमलं नाही. मापाची बादली शोधून आणली, गोणीमागं पाण्याची खूण केली आणि छगनला दटावलं, "ह्या खुनंच्या वर थेंब गेला तर तुला वतीन मिक्सरात."

पुन्हा शंकू भरला. ती पत्र्याच्या एका बाजूला उकिडवी, तो दुसऱ्या बाजूला. शंकू वर गेला. काँक्रीट जरासं दबलं... थांबलं... आणि उभं राहिलं. पलीकडून तो हसत होता. मधे काँक्रीटचा ढीग, इकडून दोन डोळे, तिकडून दोन. ती मोजपट्टी धरून बसलेली, आणि मोजायचं काय होतं तेच विसरलेली.

"किती बसलं?" त्यानं हळूच विचारलं.

"अं?... बघते."

"बघा की. सावकाश बघा. मी न्हाई हालत."

माणसं म्हणतात, तेवढ्या वेळात घाटावर एक बगळा आला, त्यानं मासा धरला, खाल्ला आणि तो झोपलासुद्धा. बगळ्याचं सोडून द्या. पण तेवढ्या वेळात मिक्सरपाशी रंगूबाई आली, हे मात्र खरं.

रंगूबाई म्हणजे गावातली सगळ्यात वडील बाई, आणि तिच्यामागं तांबे घेतलेल्या बायकांची रांग. गोदावरीला त्या काठावर कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गावाची जुनी रीत होती : सगळ्यांच्या मालकीचं काही उभं राहायला लागलं की पहिल्या मालात घरटी एक तांब्या गंगा ओतायची. मातीच्या भिंती होत्या तेव्हा चिखलाला ते चालूनही जायचं. बायका आल्या, नमस्कार केला आणि फिरत्या मिक्सरमध्ये तांबे रिकामे करू लागल्या. छगन म्हणाला, "आजे, बास!" रंगूबाई म्हणाली, "गप रं, पुन्याचं काम हाय." पुण्यापुढं छगनचं काय चालणार? एकामागून एक ढकलगाड्या भरल्या आणि समोरच्या पडवीच्या बीममध्ये गेल्या. बीम म्हणजे तुळई. दारावरचा सगळा भार तिच्यावर.

खळखळ वाहणारी पुढची गाडी दिसली तेव्हा प्रणिता किंचाळलीच. "थांबवा! मिक्सर थांबवा!"

सगळं थांबलं. अजिनाथ धावत बीमपाशी गेला, आत हात घातला आणि हात वर काढला तेव्हा बोटांमधून काँक्रीट ओघळत होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला, तो सिमेंटनं नव्हे.

"उपसून टाकू," तो म्हणाला. "अजून वलं हाय."

"काय टाकतो?" रंगूबाई पदर खोचून पुढं आली. "गंगा हाय ती त्यात! गंगा उपसून उकिरड्यावर टाकतो व्हय रं? आमच्या अंगावरनं जा आन टाक."

आणि ती खरंच बीमच्या सेंट्रिंगच्या फळ्यांखाली, टेकूला पाठ लावून, मांडी घालून बसली. तिच्या शेजारी बाकीच्या. पुढारी मंडळी आली, त्यांनी रंगूबाईचा चेहरा पाहिला आणि त्यांना एकदम घरची कामं आठवली.

"आजी," प्रणिता तिच्यापुढं बसली. "उरलेले तांबे परत न्या. उद्या हे घट्ट झालं की वरून घाला. रोज घाला, हवं तितकं घाला."

"आज ईख आन उद्या अमृत व्हय ग, पोरी?"

"हो आजी. आज पोटात गेलं तर पोकळ करतं. उद्यापासून अंगावर घातलं तर ताकद येते."

रंगूबाईनं विचार केला. "बाळातिनीसारखं म्हन की. बरं, घालू." पण बीम काही उपसू दिला नाही.

आता चाचणीचे ठोकळे भरायचे होते. साच्यात माल भरायचा, लॅबच्या हौदात बुडवून ठेवायचा आणि मग यंत्रात फोडून बघायचं, किती दाब सोसतो ते. छगन हळूच अजिनाथच्या कानाशी आला. "आत्ता नवा माल काढतो, मापाच्या पान्याचा. त्याचेच भरू दे. कोनाला कळतंय?"

प्रणितानं ते ऐकलं. ती वळली नाही. हातात थापी तशीच राहिली. आता अजिनाथ काय म्हणतो? तिला नुसता रिपोर्ट लिहायचा होता. मग एका कंत्राटदाराच्या उत्तराची तिला एवढी काळजी कशाला?

"ह्याचेच भरा, म्याडम," अजिनाथ म्हणाला. "बीममधलाच घ्या."

"नापास झाले तर?" ती वळलीच.

"तर झाले." त्यानं टेकूखाली बसलेल्या रंगूबाईकडं मान केली. "उद्या त्या बीमखाली हीच बसनार हाय, दुसरं कोन?"

परतीच्या एसटीत भरलेल्या साच्यांची गोणी मांडीवर घेऊन प्रणिता बसली होती. पायाला मुंग्या आल्या, पण गोणी खाली ठेवावीशी वाटेना.

मग सुरू झालं ते वाट बघणं. सिमेंटला घाई चालत नाही. त्याची खरी ताकद अठ्ठाविसाव्या दिवशी मोजतात. आणि दोन जिवांना इथं अठ्ठावीस मिनिटं धीर नव्हता.

"हॅलो... ठोकळे कसे हायेत?"

"पाण्यात आहेत. पोहतायत."

"जेवले का?"

"अहो, ते सिमेंट आहे!"

"आन तुमी?"

"...मी जेवले."

"मग ठीक हाय. ठोकळ्यांना सांगा, मी इचारलंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "म्याडम, हौदातलं पानी बदललं का?" तिसऱ्या दिवशी, "हौदावर सावली हाय ना?" साइटच्या कडेनं तो अशा येरझारा घालायचा की तिथं पांदण पडली, आणि एका म्हाताऱ्यानं तीतून बैलगाडीसुद्धा नेली. बीमवर तर रोज सकाळी तांब्यांची झुंबड. इतकं पाणी, की वर बेडूक राहायला आले आणि एकानं भाताची रोपं आणून ठेवली.

इकडं भिंगारला प्रणिताचीही तीच गत. कणीक भिजवताना ती पाणी मापून घालायला लागली. मिलिटरीच्या ऑफिसात आयुष्यभर कारकुनी केलेले तिचे वडील, नृसिंहराव, ताटातली पोळी वाजवून म्हणाले, "प्रणिता, ही पोळी आहे की फरशी?" तिला हसू आलं, आणि मग एकदम डोळ्यांत पाणीच. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

सातव्या दिवशी अंदाजापुरते काही ठोकळे फोडतात. त्या दिवशी तिनं फोन उचलला नाही. तासाभरात... बरं, तासाभरात नसेल, पण अजिनाथ मोटरसायकलवरून आला ते असा, की भिंगारचा बाजार म्हणतो आधी माणूस आला आणि मग मागून गाडीचा आवाज.

परतीचा पाऊस भुरभुरत होता. लॅबच्या पत्र्याखाली दोघं उभे.

"कमी आलं?" त्यानं विचारलं.

"कमी आलं. पण आज काही नक्की सांगता येत नाही. अजून वाढेल..."

"किती वाढंल?"

"पुरेसं वाढेल असं... मला वाटत नाही." ती पावसाकडं पाहत राहिली. "चूक माझी आहे. त्या वेळी मी मिक्सरकडं बघायला हवं होतं."

"तुमी कुठं बघत होतात?"

"मोजपट्टीकडं."

"खोटं."

"...तुम्ही कुठं बघत होतात?"

"मी तर कामातच होतो," तो म्हणाला. "लई मन लावून."

ती हसली, आणि हसता हसताच तिनं त्याच्या बाहीवरचा वाळलेला सिमेंटचा पापुद्रा नखानं खरवडून काढला. एवढंच. पण पठ्ठ्या पुढं ती बाही धुवायला देईना.

दिवाळी आली आणि गेली. ठोकळे फोडायचा दिवस उजाडला, आणि नशिबाचा खेळ बघा, भिमाजीचा ट्रकही त्याच दिवशी निघाला. पाथर्डीहून कोपरगावकडं जायचं तर वाट भिंगारवरूनच. मुकादमानं निरोप धाडला होता : लॅबच्या समोरच ट्रक उभा करतो. पास झालास तर हात हलव. नापास झालास तर चढ.

अजिनाथ सकाळपासून लॅबमध्ये येऊन बसला होता. म्हणजे बसला कुठं. उभा राहायचा, बसायचा, यंत्राला हात लावायचा, ओरडा खायचा.

प्रणितानं हौदातून ठोकळा काढला, पुसला, यंत्रात मधोमध ठेवला. दाब चढू लागला. आकडा वर जाऊ लागला, हळूहळू, हळूहळू... पंचवीस यायला हवे होते. पंधरा. अठरा. अजिनाथनं श्वास धरला. एकोणीस... वीस—

कट्ट.

ठोकळा फुटला. दुसरा थोडा आधीच फुटला. तिसऱ्यानंही दोघांचीच री ओढली.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"आणखी एक चाचणी असते," प्रणिता घाईघाईनं म्हणाली. "बीमवर हातोडा लावून बघतात... किंवा वर अर्ज केला तर—"

"रंगूबाईला काय सांगू? जरा थांब आजे, अर्ज केलाय, मग बस खाली?" तो हसायला गेला, ते जमलं नाही. "लिवा, म्याडम. जे आलं ते लिवा."

तिचा हात कागदावर थांबलेला. मग तिनं लिहिलं.

त्यानं फोन लावला. "आजे, अजिनाथ बोलतोय. तुळई कच्ची निघाली... व्हय. पाडावी लागंल... माझ्याच खर्चानं पाडतो." पलीकडून इतक्या जोरात आवाज आला की प्रणितालाही ऐकू गेलं.

"पाड बाबा! पन ढिगारा उकिरड्यावर न्हाई जायचा. गंगा गंगेत सोडायची, वाजतगाजत. आन नवी तूच भरायची. दुसऱ्या कोनाचा हात लागला तर मी खाली येऊन बसंन!"

बाहेर पुन्हा हॉर्न. दारात एक बाई उभी होती : काटक, कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावरून पदर. अजिनाथची आई, कडूबाई. तिच्या मागं रस्त्यावर ट्रक, ट्रकमध्ये बोचकी, शेळ्या, माणसं, आणि केबिनमधून डोकावणारा भिमाजी.

"फुटलं का रं?" तिनं विचारलं.

"फुटलं, आये."

"मग चल. तुझ्या बापानं तुझं आथरुन बी बांधून घेतलंय."

"म्या न्हाई येत. बीम पाडून परत भरनार हाय."

"कशानं? कामाचं नाव गेलं, हातात काय ऱ्हायलं न्हाई. खाशील काय? कोनाच्या जिवावर करतो ह्ये?"

अजिनाथची नजर एकदा जमिनीवर, एकदा छपराला... आणि मग जिथं जायची तिथंच गेली. कडूबाईची नजरही त्या वाटेनं गेली.

प्रणिता हातातलं फडकं पिळत होती. पिळून पिळून कोरडं झालं तरी पिळत होती.

"माझ्या," ती म्हणाली.

यंत्राचा पंखासुद्धा त्या क्षणी थांबला म्हणतात.

"काय म्हनली?"

"माझ्या जिवावर." तिनं फडकं बाजूला ठेवलं. "त्यांनी ठरवलं असतं तर चांगले ठोकळे भरून गेले असते. आज हसत हात हलवला असता. त्यांनी नाही भरले. मला... मला असाच माणूस पाहिजे."

कडूबाई जवळ आली. तिनं मुलीचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. बाजारात वांगी बघतात तसे.

"ऊस तोडलाय कधी?"

"नाही."

"भाकरी येती?"

"येते. जरा... घट्ट होते."

"मोळी उचलशील?"

"साच्यांची गोणी उचलते, मावशी. उचलून बघा."

कडूबाईनं कोपऱ्यातली गोणी एका हातानं धरली. गोणी हलली नाही. दुसरा हात लावला. मग सोडली, आणि मुलीकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

"घरच्यांना इचारलं का?"

"अजून नाही."

"बाप काय करतो?"

"रिटायर झालेत. इथंच घर आहे, बाजारामागं. आत्ता घरीच असतील."

"मग हितं काय करता दोघं?" कडूबाई एकदम लेकावर डाफरली. "ट्रक माझ्यासाठी थांबलाय, तुझ्यासाठी न्हाई. आथरुन खाली फेकाया सांगते. त्ये घे, तोंड धू, आन जा त्या मानसाकडं. आन नीट बोल! टेम्पोत बोलतो तसं नको."

ती गेली. ट्रकमधून अंथरुणाची वळकटी धपकन रस्त्यावर पडली, शेळ्या ओरडल्या, भिमाजीनं कपाळावर हात मारला, आणि ट्रक कोपरगावच्या दिशेनं धूळ उडवत निघाला. मागच्या फळीवरून कडूबाईचा हात हलत राहिला. पार डाक बंगला ओलांडेपर्यंत, आणि काही लोक म्हणतात राहुरीपर्यंत.

अजिनाथ वळकटी काखेत मारून रस्त्यावर उभा.

"म्याडम... तुमच्या वडलांना काय सांगू? पैलंच काम नापास झालं म्हनून?"

"हो. तेच सांगायचं. का नापास झालं ते पण सांगायचं." तिनं ओढणी सारखी केली, केस सारखे केले, पुन्हा ओढणी सारखी केली. "आणि बाकीचं... मी सांगते."

"आन न्हाई म्हनले तर?"

"तर उद्या पुन्हा जायचं. परवा पुन्हा."

तो हसला, आणि या वेळी डोळा मिचकावला. पापण्या धुतलेल्या होत्या, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. प्रणितानं पुढं होऊन वळकटीचं एक टोक धरलं. तो म्हणाला, राहू द्या, मी घेतो. ती म्हणाली, धरते म्हटलं ना. आणि तसेच ते बाजारातून निघाले, मधे वळकटी, दोन बाजूंना दोघं. भाजीवाल्या बघत होत्या, सायकली थांबत होत्या... आणि त्या दोघांच्या पायांना इतकी घाई, की नृसिंहरावांचं दार दोनदा मागं टाकून त्यांना दोनदा परत यावं लागलं.